हॅरीचे डोळे निळे निघाले, तरी चाललं

हॅरी पॉटरच्या चौथ्या पुस्तकात एक प्रसंग आहे. जादूच्या एका स्पर्धेचे स्पर्धक निवडणाऱ्या अग्निचषकातून हॅरीचं नाव बाहेर पडतं. स्पर्धेसाठी तो वयानं लहान, त्यानं नाव दिलेलंच नसतं आणि सगळी शाळा त्याच्याकडे संशयानं बघत असते. जादूच्या या शाळेचे मुख्याध्यापक डम्बलडोर त्याला विचारतात, तुझं नाव तू चषकात टाकलंस का? हे ते शांतपणे विचारतात, असं जे. के. रोलिंग यांनी स्पष्ट लिहिलं आहे. 2005 सालच्या चित्रपटात मात्र हेच डम्बलडोर तरातरा चालत येतात, हॅरीला धरून मागे रेटतात आणि तोच प्रश्न जवळजवळ ओरडून विचारतात. प्रश्न तोच आहे, बदलला तो फक्त सूर. पण इतकी वर्षं उलटून गेली, तरी जगभरचे वाचक तो एक शब्द, 'शांतपणे', विसरायला तयार नाहीत.

याच चित्रपटात नाताळच्या नृत्यसमारंभाला हर्मायनीचा झगा गुलाबी आहे, पुस्तकात तो निळसर आहे. त्यावरही कुरकुर झाली, पण ती तेवढ्यापुरतीच. डॉबी हे घरगड्याचं पात्र तर या चित्रपटात नाहीच, त्याचं काम दुसऱ्याला देऊन टाकलं आहे. म्हणजे एक अख्खं पात्र गाळलं त्यापेक्षा एक सूर चुकला ते जास्त लागलं. चाहते हटवादी असतात, त्यांना बदल सोसत नाही, असं म्हणून हा विषय संपवला जातो. मला ते कधीच पटलं नाही. चाहत्याची नाराजी नीट पाहिली तर तिच्यात एक शिस्त दिसते आणि त्या शिस्तीचा उलगडा मानसशास्त्रातल्या काही जुन्या प्रयोगांतून होतो.

डम्बलडोरपासूनच सुरुवात करू. 1984 साली लॅरेन विंटर आणि जेम्स यूलमन या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. लोकांना काही वाक्यं लक्षात ठेवायला दिली. उदाहरणार्थ, पुस्तक अर्ध्यावर असतानाच त्यातलं रहस्य एका सेक्रेटरीला उलगडतं. वाक्यात 'हुशार' हा शब्द कुठेच नाही. नंतर आठवायची वेळ आली, तेव्हा 'हुशार' एवढा एकच शब्द समोर ठेवला, तर ते वाक्य पटकन आठवायला मदत झाली. म्हणजे वाचतानाच, कुणी सांगितलं नसताना, माणसांनी त्या पात्राच्या स्वभावाची नोंद करून ठेवली होती. तीन पुस्तकं वाचून चौथ्यापर्यंत आलेल्या वाचकानं डम्बलडोरबद्दल अशा किती नोंदी केल्या असतील! संकट जितकं मोठं तितका हा म्हातारा शांत होतो, हे कुणी त्याला शिकवलेलं नाही. ते त्यानं स्वतः, शेकडो पानांतून, कणाकणानं गोळा केलेलं आहे. पडद्यावर तो म्हातारा ओरडतो तेव्हा धक्का बसतो तो या कमाईला.

गंमत म्हणजे हाच वाचक एरवी चुकांकडे सहज काणाडोळा करतो. मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक यांनी 2000 साली गोष्टीत हरवून जाण्याच्या अवस्थेचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना एक गोष्ट वाचायला दिली आणि सांगितलं, जिथे काही खोटं, न पटणारं वाटेल तिथे खूण करा. जे गोष्टीत जास्त रमले त्यांनी कमी खुणा केल्या. रमलेलं मन चुका शोधत नाही. म्हणून मला वाटतं, चित्रपटगृहातला चाहता परीक्षक होऊन बसलेला नसतो. तो रमायलाच आलेला असतो. रमता रमता एखाद्या जागी तो दचकून बाहेर फेकला जातो, आणि बाहेर आला की मग त्याला झग्याचा रंगही दिसतो, गाळलेला डॉबीही दिसतो.

आता डोळ्यांची गोष्ट. पुस्तकात हॅरीचे डोळे चमकदार हिरवे आहेत. पडद्यावर हॅरी झालेल्या डॅनियल रॅडक्लिफचे निळे. हिरव्या कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाहिल्या, पण त्याच्या डोळ्यांना त्यांचा फार त्रास झाला, म्हणून तो नाद सोडून दिला. याबद्दल रोलिंग यांना विचारलं तेव्हा त्यांचं म्हणणं असं पडलं की रंग कोणताही असू द्या, आईचे डोळे मात्र तसेच दिसले पाहिजेत. सातही पुस्तकांत जो भेटतो तो हॅरीला सांगतो, तू वडिलांसारखा दिसतोस, डोळे मात्र आईचे. शेवटच्या पुस्तकात हॅरीच्या आईवर आयुष्यभर प्रेम केलेला शिक्षक स्नेप मरताना त्याच डोळ्यांत बघतो, आणि सगळ्या कथेची गाठ तिथे सुटते.

डोळे निळे निघाले, तरी बहुतेक वाचकांनी ते चालवून घेतलं. आणि 2011 साली शेवटच्या चित्रपटात, स्नेपच्या आठवणींत, लहानपणची लिली, म्हणजे हॅरीची आई, दिसली. तिचे डोळे तपकिरी. तिथे मात्र चाहते हळहळले. हिरव्याचा निळा दहा वर्षं चालला, पण निळ्याला तपकिरी जुळेना.

असं का व्हावं, याचं उत्तर डेड्रे गेन्टनर यांनी 1983 साली मांडलेल्या एका विचारात सापडतं. माणूस दोन गोष्टींची तुलना कशी करतो, हा त्यांचा विषय. शाळेत आपण शिकलो की अणू हा सूर्यमालेसारखा असतो. हे ऐकून कुणी अणुकेंद्रक पिवळंधमक आणि तापलेलं असेल असं समजत नाही. जड वस्तू मधे आणि हलक्या तिच्याभोवती फिरतात, एवढंच आपण उचलतो. तुलनेत आपलं मन सुट्या गुणांपेक्षा नात्यांना जास्त वजन देतं, त्यातही एकमेकांत गुंतलेल्या नात्यांना सगळ्यात जास्त. हिरवेपणा हा सुटा गुण आहे. 'आईसारखे' हे नातं आहे, आणि त्या नात्यावर स्नेपचं आयुष्यभराचं प्रेम, त्याचा पश्चात्ताप, हॅरीचा जीव वाचणं हे सगळं टांगलेलं आहे. मला तर वाटतं, पुस्तकावरच्या चित्रपटाबद्दल चाहता जे काही बोलतो त्यातलं निम्मं या एका उदाहरणात आलं.

'पुस्तकाशी प्रामाणिक' हा शब्द आपण फार ढिलेपणानं वापरतो. जणू पुस्तकातलं किती टक्के पडद्यावर आलं याची ती मोजणी आहे. मोजायचंच तर मोजून पाहू. पहिल्या पुस्तकाच्या ब्रिटिश आवृत्तीची पानं 223 आणि चित्रपट 152 मिनिटांचा. म्हणजे एका पानाला साधारण 41 सेकंद. पाचवं पुस्तक 766 पानांचं, मालिकेतलं सर्वांत जाड, आणि त्याचा चित्रपट 138 मिनिटांचा. पानाला जेमतेम 11 सेकंद. गाळण्यावाचून गत्यंतर नाही, हे चाहत्यालाही कळतं. त्याचं भांडण काय गाळलं यावर असतं.

इथे तिसरा चित्रपट आठवतो. 2004 साली आलेला, आल्फोन्सो क्वारोन यांनी दिग्दर्शित केलेला. माझ्या मते सिनेमा म्हणून हा या मालिकेतला सगळ्यात सुंदर. पण त्याच्याबद्दल वाचकांची एक तक्रार आजही तितकीच ताजी आहे. हॅरीला एक जादूचा नकाशा मिळतो, त्यावर चार टोपणनावं असतात: मूनी, वर्मटेल, पॅडफुट आणि प्राँग्ज. ही चौघं कोण, ते चित्रपट सांगतच नाही. पुस्तकात कळतं की मूनी म्हणजे हॅरीचा शिक्षक ल्यूपिन, वर्मटेल म्हणजे पेटिग्रू, पॅडफुट म्हणजे सिरियस आणि प्राँग्ज म्हणजे हॅरीचे दिवंगत वडील, जेम्स. ल्यूपिन दर पौर्णिमेला लांडगा व्हायचा, त्याला सोबत व्हावी म्हणून हे तिघं मित्र प्राण्याचं रूप घ्यायला शिकले. जेम्स काळवीट व्हायचा. म्हणूनच हॅरीच्या पॅट्रोनसचं, म्हणजे त्याच्या रक्षक जादूचं, रूप काळविटाचं.

या माहितीला पुस्तकात फार तर काही पानं लागतात. तरी ती गेल्याचं दुःख एवढं का? टॉम ट्राबासो आणि पॉल व्हॅन डेन ब्रूक यांनी 1985 साली गोष्टींमधल्या घटना आणि त्यांची कारणं यांचं जाळं मांडून पाहिलं. कुठल्या घटनेमुळे पुढे काय घडलं, याच्या रेघा ओढल्या. ज्या घटनेला अशा जास्त रेघा जोडलेल्या, ती वाचकांना जास्त आठवते आणि जास्त महत्त्वाची वाटते, असं दिसून आलं. घटना किती पानांत आली, ती किती थरारक होती, याहून तिच्यातून किती धागे निघतात हे मोलाचं. आता ती चार टोपणनावं पाहा. ल्यूपिनला नकाशा बघताक्षणी कसा ओळखता आला, सिरियस तुरुंगातून कसा निसटला, पेटिग्रू बारा वर्षं उंदीर होऊन कसा लपला, तळ्याकाठी हॅरीला आपले वडीलच आल्यासारखं का वाटलं, या सगळ्याचे धागे त्या एका खुलाशाशी येऊन मिळतात. तो काढला की प्रसंग सगळे जागच्या जागी राहतात, पण सुटे होतात. पुस्तक वाचलेल्या माणसाला बसल्या जागी ते तुटलेले धागे जाणवतात. न वाचलेल्याला काहीच तुटल्यासारखं वाटत नाही, कारण त्याच्यापाशी धागा नव्हताच.

एका ठिकाणी मात्र हे सगळं गणित मला अपुरं पडतं. ते म्हणजे पीव्ह्ज. शाळेत धुडगूस घालणारं हे उपद्रवी भूत पुस्तकांत सतत भेटतं. पहिल्या चित्रपटासाठी रिक मेयल या नटासोबत त्याचं चित्रीकरणही झालं होतं, पण ते कापलं गेलं, आणि पुढच्या एकाही चित्रपटात पीव्ह्ज आला नाही. कथेच्या धाग्यांच्या हिशेबात त्याचं वजन फारच थोडं. तरी वाचक त्याच्यासाठी हळहळतात, मीही. वाड्यात खोल्या मोजून चालत नाही, त्यात कुणीतरी नांदतं असावं लागतं. पीव्ह्जमुळे ती शाळा नांदती होती. कोणत्याही विद्यार्थ्याला न जुमानणारा हा पीव्ह्ज, पाचव्या पुस्तकात जुळे विझ्ली भाऊ शाळा सोडून जातात तेव्हा त्यांच्यापुढे टोपी काढतो. कार्यकारणाच्या जाळ्यात ही घटना कुठेच बसणार नाही, आणि ज्यानं वाचली तो ती विसरणार नाही.

आणखी एक तक्रार आहे, तिच्याकडे आपण कमी लक्ष देतो: चित्रपट पाहिला आणि माझा हॅरी गेला. म्हणजे मनातला चेहरा पुसला जाऊन तिथे नटाचा चेहरा बसला. ही अतिशयोक्ती नाही. मनात पाहणं आणि डोळ्यांनी पाहणं यांत फार जवळचं नातं आहे. 1910 साली चेव्हज पर्की या संशोधिकेनं लोकांना एका पडद्याकडे बघत केळं डोळ्यांसमोर आणायला सांगितलं आणि त्यांच्या नकळत पडद्यावर केळ्याचं अगदी पुसट चित्र टाकलं. आपण हे केळं मनातच बघतोय अशी त्यांची खात्री होती. काहींना एवढंच नवल वाटलं की आपल्या मनातलं केळं आडवं नसून उभं कसं!

मग स्मृतीचं काय? 1978 साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना एका अपघाताच्या स्लाइड दाखवल्या. चौकात एक वाहतुकीचा फलक होता. नंतरच्या एका प्रश्नात काहींना मुद्दाम वेगळ्याच फलकाचा उल्लेख करून विचारलं. ज्यांना बरोबर उल्लेख ऐकवला त्यांच्यातल्या 75 टक्के लोकांनी पाहिलेला फलक अचूक ओळखला, चुकीचा उल्लेख ऐकलेल्यांपैकी 41 टक्क्यांनीच. जुनी आठवण पुसली जाते की नव्या आठवणीखाली दबते, यावर पुढे बराच वाद झाला. वाचकाला त्या वादाचा दिलासा नाही. रंगीत, हलता, बोलता, अडीच तासांचा चेहरा समोर आल्यावर मनातला तो अस्पष्ट हॅरी परत सापडत नाही, एवढं खरं.

मराठी वाचकाची यात एक वेगळीच ठेव आहे. पहिल्या पुस्तकाच्या मराठी अनुवादाचं नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. इंग्रजी वाचकाला तो दगड किमयागारांच्या दुनियेतून भेटतो. आपल्याला परीस भेटलेला असतो आजीच्या गोष्टींत, संतांच्या अभंगांत, लोखंडाचं सोनं करणारा. पुस्तकात तो रक्तासारखा लाल आहे आणि चित्रपटातही लालच दाखवलाय. पण ज्या मुलानं तो शब्द आधी मराठीत ऐकला, त्याचा परीस आणखी काही वेगळा असणार. तो कुठलाच कॅमेरा दाखवू शकत नाही.

सगळ्यांच्या मनात चित्रं उमटतात असंही नाही. फ्रान्सिस गाल्टन यांनी 1880 साली लोकांना सकाळच्या न्याहारीचं टेबल डोळ्यांसमोर आणायला सांगितलं, तर काहींना काहीच दिसेना. 2015 साली अ‍ॅडम झीमन यांनी या अवस्थेला अफॅन्टेझिया हे नाव दिलं. अशा वाचकाला नटाचा चेहरा खटकायचं फारसं कारण नाही. पण डम्बलडोर ओरडले तर त्यालाही तितकंच लागेल, असं मला मनापासून वाटतं. त्यानं चेहरा पाहिला नसला तरी माणूस ओळखलेला असतो.

नाशिकला माझी भाची राहते. तिनं तिसरा चित्रपट आधी पाहिला, टीव्हीवर, आणि पुस्तक नंतर हातात घेतलं. एका रात्री साडेअकराला तिचा फोन आला. "मावशी, तो नकाशा त्यांनीच काढला होता! त्याच्या बाबांनी!" पुढच्या सुट्टीत ती आमच्याकडे आली तेव्हा आम्ही तो चित्रपट पुन्हा लावला. तळ्याच्या पलीकडून ते चांदीसारखं काळवीट चालत आलं. पहिल्या वेळी ती या प्रसंगाला शेंगदाणे खात होती म्हणे. चित्रपटात त्या काळविटाबद्दल कुणी एक अक्षर बोलत नाही. या वेळी तिनं माझा हात घट्ट धरला आणि हळूच म्हणाली, "प्राँग्ज."