२५ मेगावॉटची रेघ आणि ‘लहान’ जलविद्युतचा घोळ

घाटातल्या ओढ्या-नद्यांच्या इकॉलॉजीवर काम करणाऱ्या पोरांना अजूनही विचारतात, एवढ्याशा बंधाऱ्यावर कसला रिसर्च, कोयनेवर करा की.

आपल्याकडे खोपोली (१९१५), भिरा, मग कोयना असं पूर्वेला जाणारं पाणी कोकणात उतरवलं, वाद झाले ते जमिनीचे, मुळशी सगळ्यांना माहितीय. माशांचा विचार पुढं झाला तोही हॅचरीपुरता. लोणावळ्यात वाढवलेली महसीर माशाची पिल्लं कावेरीपर्यंत सोडली आणि तिथल्या मूळच्या महसीरलाच ती जड गेली.

खरा गुंता ‘लहान’ या शब्दाचा. १९९९ मध्ये २५ मेगावॉटपर्यंतचे प्रकल्प अपारंपरिक ऊर्जेच्या खात्याकडे गेले, आणि २००६ च्या अधिसूचनेत २५ च्या खालच्यांना पर्यावरण मंजुरीच लागेना. चीनमध्ये हीच रेघ ५० वर, ब्राझीलमध्ये ३० वर, युरोपात बऱ्याच ठिकाणी १० वर, म्हणजे आकडा नदीकडं बघून ठरलेलाच नाही. मेगावॉट येतात पाणी आणि उतार दोन्ही मिळून. २०० मीटर उतार असला की सेकंदाला १५ घनमीटर पाण्यात २५ मेगावॉट निघतात, २० मीटरच असेल तर दहापट पाणी लागतं. घाटात उतारच उतार, त्यामुळं कागदावर लहान दिसणारा प्रकल्प उन्हाळ्यात अख्खी नदी पाइपात घालू शकतो. बंधारा ते वीजघर मधलं पात्र कोरडं, उरलेल्या डोहांचं पाणी तापतं, ऑक्सिजन घटतो, आणि वीजघराखाली मशीन चालू झालं की पाणी एकदम चढतं. कर्नाटकातल्या नेत्रावती नदीच्या खोऱ्यात तर २४.७५ मेगावॉटचे प्रकल्प आले, आता हा आकडा कशासाठी निवडला हे वेगळं सांगायला नको! त्याच खोऱ्यात शिशिलाला देवळापुढच्या डोहात महसीर राखलेत, आपल्या महाडजवळच्या वाळणकोंडीसारखेच.

२०११ मध्ये कर्नाटक हायकोर्टानं घाटातल्या नव्या मिनी हायडेलना, म्हणजे याच लहान जलविद्युत प्रकल्पांना अडवलं. मोजमाप मात्र उशिरा हाती आलं, २०१८ मध्ये, जेव्हा नेत्रावतीच्या बंधारे घातलेल्या दोन उपनद्या आणि मोकळी वाहणारी एक यांची तुलना छापून आली. पाण्याची खोली, तापमान, ऑक्सिजन बदललेला, कोणते मासे कुठं सापडतात तेही बदललेलं. माझ्या मते या विषयात पुढं आलेल्या कितीतरी जणांची वाट इथूनच सुरू होते.

२०१९ मध्ये २५ च्या वरचे प्रकल्पही अक्षय ऊर्जेत धरले, मंजुरीतली २५ ची सूट मात्र तशीच राहिली.