एका नावामागचे दोन कॅमेरे : पार्श्वभूमी

छायाचित्रकारांच्या मैत्रीचा विषय निघाला की कोणी कोणाकडून काय घेतलं, हा वाद ठरलेला. १८४३ मध्ये एडिंबरात डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल हा चित्रकार आणि रॉबर्ट अॅडमसन हा तरुण छायाचित्रकार एकत्र आले. १८४८ मध्ये तो तरुण वारला, तरी त्यांचं काम आजही दोघांच्या नावाने ओळखलं जातं. मांडणी एकाची, रसायनांची बाजू दुसऱ्याची, एवढं म्हटलं की तिथे भागतं. लहान कॅमेरे आल्यावर मात्र दोन मित्र एकाच प्रसंगी शेजारी उभे राहून फोटो काढू लागले आणि तेवढ्यावर भागेनासं झालं.

पॅरिस, १९३६. हंगेरीचा एक निर्वासित तरुण, एंद्रे फ्रीडमन, आणि जर्मनीतून आलेली त्याची जोडीदार, गेर्डा तारो. कॅमेरा त्याने तिला शिकवला, फोटो विकायचे कसे हे तिला जास्त कळत होतं. त्याच्या फोटोंना चांगला भाव मिळावा म्हणून दोघांनी 'रॉबर्ट कापा' नावाचा एक बडा अमेरिकन छायाचित्रकार चक्क कल्पनेतून उभा केला. बिंग लवकरच फुटलं, नाव मात्र त्याला चिकटलं. ऑगस्टमध्ये दोघं स्पेनच्या यादवी युद्धात पोहोचले. पोलंडचा त्यांचा छायाचित्रकार मित्र डेव्हिड सिमूर ऊर्फ 'चिम' हाही तिथे काम करत होता. त्याचा ओढा आघाडीपेक्षा मागे राहिलेल्या माणसांकडे अधिक.

सुरुवातीला तिची निगेटिव्ह चौरस, त्याची आयताकृती, त्यामुळे कोणता फोटो कोणाचा हे सहज कळायचं. १९३७ मध्ये तीही त्याच्यासारख्या ३५ मिमीच्या, आयताकृती फ्रेमच्या फिल्मकडे वळली आणि ती खूण गेली. त्याच सुमारास फोटोंमागे दोघांच्या नावांचा सामाईक शिक्का उमटू लागला, पुढे तिचा स्वतंत्र शिक्काही आला. जुलै १९३७ मध्ये माद्रिदजवळच्या ब्रुनेतेच्या लढाईतल्या माघारीत रणगाड्याच्या धडकेने ती गेली, तेव्हा तिचं वय २६ होतं. त्यानंतर तिचे कित्येक फोटो त्याच्या नावावर जमा झाले. हे मुद्दाम झालं असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. पण सामाईक नाव शेवटी जो मागे राहतो आणि प्रसिद्ध होतो त्याच्याच खात्यात पडतं, हेही नाकारण्यात अर्थ नाही.

२००७ मध्ये मेक्सिकोतून तीन खोकी न्यूयॉर्कला पोहोचली. आत या तिघांची स्पेनमधली सुमारे ४,५०० निगेटिव्ह होती. रोल खणाखणांत बसवलेले, झाकणाच्या आतल्या बाजूला हाताने लिहिलेली यादी. सुट्या फोटोवरून जे ठरत नव्हतं ते सलग रोल पाहिल्यावर ठरवता येऊ लागलं: आधीची फ्रेम कुठली, नंतरची कुठली, छायाचित्रकार कोणत्या बाजूने पुढे सरकला. काही फोटोंचं श्रेय त्यामुळे बदललं.

मैत्रीत असला हिशेब कशाला, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो मला फारसा पटत नाही, कारण जिचं नाव पुसलं गेलं होतं तिला तो हिशेब हवाच होता. शिवाय मागे राहिलेल्या दोघा मित्रांनीच, कापा आणि चिमने, १९४७ मध्ये इतर सहकाऱ्यांसह 'मॅग्नम' ही स्वतःची संस्था काढली, तेव्हा फोटोचा हक्क तो फोटो काढणाऱ्याकडेच राहील असं ठरवलं होतं.