नाव सातबाऱ्यावर, बिऱ्हाड मुंबईत

लालबाग-परळच्या चाळींत एकेकाळी गावागावांचे गाळे होते. एका खोलीत एकाच गावचे वीस-पंचवीस पुरुष, पाळीपाळीने झोपणारे, गिरणीच्या भोंग्यावर उठणारे. बायको-पोरं आणि म्हातारे आईबाप गावी, कोकणात. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा (वाफ्यावर पालापाचोळा जाळायचा), भात लावायचं, वरकसावर म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवर नाचणी घ्यायची, आषाढात फुटलेला बांध भर पावसात बुजवायचा, हे सगळं मागे राहिलेल्या बाईकडे. मनिऑर्डर मुंबईहून यायची, माती मात्र तीच धरून ठेवायची. सातबाऱ्यावर तिचं नाव नसायचं.

आज मुंबई-ठाण्यात राहणाऱ्या, गावी वाटणीची जमीन असलेल्या बायकांनी एकत्र बसून त्या जमिनीची राखण शिकावी, असा विषय निघतो तेव्हा मला आधी ती बाई आठवते. तिला जमिनीची जाण होती, हक्क नव्हता. तिच्या नातीकडे हक्क आला आणि जाण गावातच राहिली.

हक्क यायला फार काळ लागला. कोकणात आधी जमीन कसणाऱ्या पुरुषाचीही नव्हती, ती खोताची, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराची होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन आले. खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा. पुढे खंडाने जमीन कसणाऱ्यांसाठीच्या कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवला आणि कसेल त्याची जमीन झाली. ‘कसेल त्याची’ हे शब्द मला नेहमी अडवतात. कूळ म्हणून नोंद झाली ती बहुतेक घरातल्या पुरुषाची, मग तो वर्षातले दहा महिने गिरणीत असला तरी.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने बाईला मिळालेली मालमत्ता पूर्णपणे तिची झाली. त्याआधी विधवेला बहुधा फक्त हयातीपुरता हक्क असे. पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलगी जन्माने वाटेकरी नव्हतीच. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली. नवऱ्यांनी आपणहून थोडी जमीन बायकोच्या नावावर करावी, ही ती साधी मागणी. गावोगावच्या शेतकऱ्यांनी ती मानली, ही महाराष्ट्राने विसरू नये अशी गोष्ट आहे. २२ जून १९९४ पासून राज्याने अविवाहित मुलींना जन्माने वाटा दिला, पण आधीच लग्न झालेल्या वगळल्या गेल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद संपवला. वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं.

कायदा झाला, तरी तलाठ्याच्या टेबलावर हक्कसोडपत्र आलंच. बहिणीने भावाच्या नावे सही करायची, नाहीतर माहेर तुटेल. प्रेमापोटी आणि भीतीपोटी केलेल्या अशा सह्या घरोघरी आहेत. काहींचं नाव लागलं, तेही मालकाच्या नव्हे, ‘इतर हक्क’ या रकान्यात. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदारांपैकी (शेती चालवणाऱ्यांपैकी) बाया सुमारे १४ टक्के होत्या. जिच्या नावावर जमीन नाही तिला तिथे काय करायचं हे विचारायला कोणी येत नाही. नाव लागलं, की मात्र पहिला फोन येतो तो विकत घेणाऱ्याचा.

आणि ती जमीन नाजूक आहे. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत, आणि खाली जांभ्यावरचा मातीचा पातळ थर. उतारावर मजगी (पायऱ्या) पाडून केलेली भाताची खाचरं आणि जांभ्याचे गडगे, म्हणजे रचीव दगडांचे बांध, हीच तिथली जुनी धूपबंदी. गडग्याचा एक दगड सुटला आणि कोणी लावला नाही, की दोन-तीन पावसाळ्यांत खालचं खाचर गाळाने भरतं. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग योजना आली, पडीक वरकसावर आंबा-काजू उभे राहिले आणि बऱ्याच घरांना आधार झाला. पण मालक मुंबईला असला तर मार्चमधला वणवा अडवायला जाळपट्टा, म्हणजे गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, कोण काढणार?

एकत्र शिकणं मुंबईला नवं नाही. भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी १९८६ साली ‘महिला मिलन’ उभं केलं. बचत असो वा घराचा आराखडा, एका वस्तीतल्या बायका दुसऱ्या वस्तीत जाऊन दाखवायच्या. याच कामातून पुढे आलेल्या प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ने ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत घरबांधणीच्या कामात बायकांना पुढे आणलं. नंतर मराठवाड्याच्या दुष्काळात त्याच वाटेने एक एकराची शेती आली. बाईने घरातून एक एकर मागून घ्यायचं, त्यात डाळी, भाज्या, धान्य कमी पाण्यावर पिकवायचं आणि शेजारणीला शिकवायचं. २०१६ मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचं ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळालं.

मुंबईच्या बायकांसाठी वर्ग भरायला उत्तम काळ गणपतीचा आहे. तेव्हा त्या गावी जातातच आणि पावसाळा सरत आलेला असतो. पाणी कुठून घुसलं, माती कुठे साचली, कुठला गडगा ढासळला, हे तेव्हा डोळ्यांना दिसतं. शिकवायला जन्मभर तिथेच राबलेल्या काकी-आजी अजून आहेत. आरती झाली, की एखाद्या दुपारी चौघी-पाचजणींनी त्यांतल्या एकीला घेऊन हद्दीवरून चालायचं आणि विचारायचं, “काकी, इथलं पाणी तुम्ही पूर्वी कुठून काढून द्यायचात?”