क्वार्टरबॅकचा रिसीव्हर होणं, आणि क्वार्टरबॅकनं रिसीव्हरच्या जागी उभं राहणं

शनिवारी ओहायो स्टेट विद्यापीठाचा सामना असला की कोलंबसमधली आमची पाच-सहा मराठी घरं एकाच दिवाणखान्यात जमतात. पोहे, चहा आणि समोर अमेरिकन फुटबॉल. दर वर्षी कुणीतरी नवं असतं, बहुधा सहा महिन्यांसाठी भारतातून आलेले कुणाचे तरी आई-बाबा, आणि कधी ना कधी तोच प्रश्न येतो : "हा मुलगा बॉल फेकणारा होता ना? मग आज तिकडे कडेला का उभा आहे?"

प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याची उत्तरं दोन आहेत. एक, त्याची जागाच बदलली. तो आता क्वार्टरबॅक राहिला नाही, रिसीव्हर झाला. दोन, तो अजून क्वार्टरबॅकच आहे, फक्त या एका प्लेपुरता, म्हणजे एका चालीपुरता, रिसीव्हरच्या जागी गेलाय. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं आणि बोलण्यात दोन्हींना सरसकट 'पोझिशन बदलली' म्हटलं जातं. त्या मुलासाठी मात्र ही दोन वेगळी आयुष्यं आहेत.

खेळ नवा असलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. जवळपास प्रत्येक प्लेची सुरुवात क्वार्टरबॅकच्या हातात बॉल देऊन होते. समोरचा बचाव कसा उभा आहे ते वाचायचं, दोन-तीन सेकंदांत निर्णय घ्यायचा आणि बॉल फेकायचा, हे त्याचं काम. रिसीव्हर ठरलेल्या वाटेनं धावतो, अंगावरच्या बचावपटूला चुकवतो आणि झेल घेतो. संघात एका वेळी रिसीव्हर तीन-चार असतात, क्वार्टरबॅक एकच. तो बदलून बदलून खेळवायची पद्धतही नाही. म्हणून कॉलेजात शाळेतले तीन-चार उत्तम क्वार्टरबॅक एकत्र आले की एक खेळतो आणि बाकीचे बाजूला हेल्मेट हातात धरून उभे राहतात. जागा बदलायची गोष्ट बहुतेक वेळा इथे सुरू होते.

खरा बदल ओळखायचा तर सामना नव्हे, सराव पाहावा. सरावात क्वार्टरबॅकच्या अंगावर वेगळ्या रंगाची जर्सी असते. तिचा अर्थ, याला कुणी धक्का लावायचा नाही. रिसीव्हर झाला की ती जर्सी उतरते. बैठकीची खोली बदलते, कोच बदलतो, रोज ज्यांच्याबरोबर घाम गाळायचा ती माणसं बदलतात. एखाद्या प्लेपुरता कडेला जाणारा मात्र आठवडाभर क्वार्टरबॅकच्याच खोलीत बसतो आणि आपली एक-दोन पानं तेवढी वेगळी पाठ करतो.

आणि रिसीव्हरचं काम म्हणजे नुसतं धावणं नव्हे. पहिला अडथळा पहिल्या दोन पावलांवरच असतो. समोरचा कॉर्नरबॅक छातीवर हात ठेवून अडवतो आणि त्याच्या हातांतून सुटायची कला वर्षानुवर्षं घोटावी लागते. मग रूट, म्हणजे धावायची ठरलेली वाट. जुन्या पद्धतीत या वाटांना ० ते ९ असे आकडे असतात. बारा यार्डांवर वळायचं म्हणजे बाराच. अकरावर वळलात तर बॉल तुमच्या मागे जातो. पूर्ण वेगात असताना कंबर खाली घेऊन दोन-तीन पावलांत थांबणं क्वार्टरबॅकच्या पायांना कुणी शिकवलेलंच नसतं. शिवाय बॉल आपल्याकडे येत नसेल तेव्हा दुसऱ्यासाठी ब्लॉक करायचा, म्हणजे बचावपटूला अडवून धरायचं.

झेलाचं मी जवळून पाहिलंय. आमच्या शेजारच्या घरातला मुलगा शाळेच्या संघात दोन वर्षं क्वार्टरबॅक होता. कोचनी त्याला रिसीव्हर व्हायला सांगितलं तेव्हा रोज संध्याकाळी ड्राइव्हवेवर मी त्याला बॉल टाकायला लागलो. पहिला आठवडाभर दहातले चार बॉल खाली पडायचे. हात चांगले होते, चुकत होती ती नजर. "काका, बॉल हातात यायच्या आधीच मी पुढे कोण आहे ते बघतो," एके दिवशी त्यालाच ते उमगलं. क्वार्टरबॅक म्हणून त्याला तेच तर शिकवलं होतं : बॉल हातात आहेच, नजर मैदानावर ठेव. आता बॉल दोन्ही तळव्यांत येऊन थांबेपर्यंत त्याच्यावरून नजर हलवायची नव्हती. मग मी बॉलवर खडूनं आकडे लिहिले आणि झेल घेताना कुठला आकडा दिसला ते त्याला ओरडून सांगायला लावलं. सप्टेंबरपर्यंत तो आकडे न चुकता सांगायला लागला.

क्वार्टरबॅककडून एक गोष्ट मात्र आयती सोबत येते, समोरचा बचाव वाचायची सवय. मागे एक सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) आहे की दोन, कोण पुढे धावून येणार, कुठली जागा मोकळी पडणार, हे त्याला धावता धावता दिसतं. फेकणाऱ्याला बॉल नेमका कधी हातातून सोडायचाय हेही त्याला आतून कळतं. मधल्या जागेतल्या, म्हणजे स्लॉटमधल्या रिसीव्हरला बचाव पाहून ऐनवेळी वाट बदलावी लागते, त्यामुळे असे मुलगे तिथे जास्त रुळतात.

ज्युलियन एडलमन हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. केंट स्टेटचा हा क्वार्टरबॅक २००९च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, सातव्या फेरीत, २३२ व्या क्रमांकावर पेट्रियट्सनी घेतला, रिसीव्हर करण्यासाठी. त्याची कथा सांगताना लोक सुपर बोलवर, म्हणजे व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यावर, उडी मारतात, पण मधली वर्षं बघा. पहिल्या चार हंगामांत मिळून त्याचे झेल ६९. एका हंगामात तर फक्त ४, आणि त्या वर्षी त्याला बचावातही उभं केलं होतं. पाचव्या हंगामात, २०१३ मध्ये, १०५. चार वर्षं लागली! पुढे ५३ व्या सुपर बोलमध्ये १० झेल, १४१ यार्ड आणि सामनावीराचा मान. कॉलेजात तिसऱ्या-चौथ्या वर्षी जागा बदलणाऱ्या मुलाकडे इतका वेळच नसतो, आणि अशा मुलांवर पहिल्याच महिन्यात 'हात कच्चे आहेत' असा शिक्का मारला जातो तेव्हा मला वाईट वाटतं.

आमच्या गावात हे ज्याच्याबाबतीत घडलं तो ब्रॅक्स्टन मिलर. २०१२ आणि २०१३ अशी लागोपाठ दोन वर्षं बिग टेन या कॉलेज लीगचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू. ऑगस्ट २०१४ मध्ये सरावात फेकायच्या हाताचा खांदा पुन्हा दुखावला आणि अख्खा हंगाम गेला. त्याच्या जागी जे. टी. बॅरेट आला. मिशिगनविरुद्ध त्याचा घोटा मोडला, तर तिसरा, कार्डेल जोन्स आला आणि जानेवारी २०१५ मध्ये संघ राष्ट्रीय विजेता झाला. एका संघात तीन क्वार्टरबॅक, आणि त्यातल्या सगळ्यात नावाजलेल्याचा खांदा साथ देईना. त्या उन्हाळ्यात मिलरनं जागा बदलली.

७ सप्टेंबर २०१५, सोमवारची रात्र, व्हर्जिनिया टेकचं मैदान. मिलरनं आधी ५४ यार्डांचा पास झेलून टचडाउन केला (बॉल मैदानाच्या शेवटच्या पट्ट्यात नेला). मग ५३ यार्डांची ती धाव. मधेच एका बचावपटूसमोर तो पूर्ण वेगात स्वतःभोवती गर्रकन फिरला, समोरच्याचा हात हवेत राहिला आणि हा तसाच पुढे. आमच्या दिवाणखान्यात लहानथोर सगळे उभे राहिले होते. "बघा, रिसीव्हर होणं किती सोपं आहे," असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. पण दुसरं टचडाउन झेलाचं नव्हतंच, प्ले सुरू करताना बॉल मागे देतात त्या स्नॅपनं तो क्वार्टरबॅकऐवजी थेट त्याच्याकडे आला होता. त्या हंगामात झेलांतून त्याचे यार्ड साडेतीनशेच्या आतच राहिले. तरी २०१६ मध्ये टेक्सन्स या व्यावसायिक संघानं त्याला तिसऱ्या फेरीत रिसीव्हर म्हणूनच घेतलं. त्या एका रात्रीवरून या बदलाबद्दल बोलणं मिलरवरही अन्याय करणारं आहे. तेव्हा त्याला नवी विद्या शिकायला लागून जेमतेम दोन महिने झाले होते.

दुसऱ्या प्रकाराला एक नाव पडलंय, 'स्लॅश', म्हणजे दोन शब्दांच्या मधली ती तिरकी रेघ. कोलोराडोचा क्वार्टरबॅक कॉर्डेल स्टुअर्ट १९९५ मध्ये स्टीलर्स या व्यावसायिक संघाकडे आला. त्याच्या जागी आधीच दुसरा क्वार्टरबॅक होता, म्हणून त्याला कधी फेकायला, कधी धावायला, कधी झेलायला लावलं. क्वार्टरबॅक-स्लॅश-रिसीव्हर-स्लॅश-रनिंग बॅक, त्यातून स्लॅश. पण १९९७ मध्ये तोच स्टुअर्ट संघाचा मुख्य क्वार्टरबॅक झाला. त्यानं आपली खोली कधी सोडलीच नव्हती. त्याच स्टीलर्सनी २००२ मध्ये इंडियानाचा क्वार्टरबॅक अँटवान रँडल एल घेतला. तो मात्र खरोखरच रिसीव्हर झाला. ४० व्या सुपर बोलमध्ये त्यानं हाइन्स वॉर्डला ४३ यार्डांचा टचडाउन पास फेकला, तो बचावाला फसवणारा एकच फेका होता. एकच संघ, तोच खेळ, आणि दोघांच्या वाटा उलट्या.

फसव्या प्लेचा प्रकार याहूनही छोटा. ५२ व्या सुपर बोलमध्ये ईगल्सचा क्वार्टरबॅक निक फोल्स गुपचूप बाजूला सरकला आणि त्यानं टचडाउनचा झेल घेतला. त्याच सामन्यात टॉम ब्रेडीकडेही तसाच बॉल आला होता, अगदी मोकळा, आणि तो बोटांवरून निसटला. इतका मोठा खेळाडू, पण झेलणं हे त्याचं रोजचं काम नव्हतं. (एक बारकावा : व्यावसायिक फुटबॉलमध्ये स्नॅप घ्यायला सेंटरच्या, म्हणजे बॉल मागे देणाऱ्या खेळाडूच्या, अगदी पाठीशी उभ्या राहिलेल्या क्वार्टरबॅकला झेल घेता येत नाही, मागे अंतर ठेवून उभा असेल तर येतो. कॉलेजात ही अट नाही.)

सीमारेषा कधी कधी पुसटही होते. मिशिगनचा डेव्हिन गार्डनर २०१२चा हंगाम रिसीव्हर म्हणून खेळायला लागला. डेनार्ड रॉबिन्सनच्या कोपराला दुखापत झाल्यावर नोव्हेंबरमध्ये तोच क्वार्टरबॅक झाला. ओल मिसचा जॉन रीस प्लमली २०१९ मध्ये क्वार्टरबॅक म्हणून हजारावर यार्ड धावला, पुढे रिसीव्हर झाला, आणि पुन्हा क्वार्टरबॅक व्हायला त्याला कॉलेज बदलून सेंट्रल फ्लोरिडाला जावं लागलं. परतीची वाट आहे, पण ती फार थोड्यांना मिळते.

आता ज्या गोष्टीमुळे मला हा फरक महत्त्वाचा वाटतो ती. जागा बदलायचं कोण ठरवतो?

१९६८ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोसकडून मार्लिन ब्रिस्को क्वार्टरबॅक खेळला. कृष्णवर्णीय माणूस, आणि पहिल्याच हंगामात १४ टचडाउन पास. पुढच्या वर्षी त्याला त्या जागेसाठी झगडायची संधीच दिली नाही. तो बफेलोला गेला, रिसीव्हर व्हायला शिकला, १९७० मध्ये हजारावर यार्ड केले, आणि पुढे १९७२च्या अपराजित डॉल्फिन्समध्ये खेळला. एवढं करूनही त्याच्या आवडत्या जागी तो परत आला नाही. वॉशिंग्टन विद्यापीठाचा वॉरन मून जानेवारी १९७८ मध्ये रोझ बोल या कॉलेज सामन्याचा सामनावीर होता, तरी ड्राफ्टमध्ये त्याला कुणी घेतलं नाही. त्यानं क्वार्टरबॅकची जागा सोडायला नकार दिला, कॅनडात गेला, एडमंटनसाठी तिथल्या लीगचे लागोपाठ पाच ग्रे कप जिंकले आणि शेवटी २००६ मध्ये महान खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये पोचला. 'तू चपळ आहेस, रिसीव्हर हो' हे वाक्य कित्येक दशकं बहुतेक करून कृष्णवर्णीय मुलांनाच ऐकवलं गेलं. लमार जॅक्सन कॉलेजातला सर्वोच्च मान, हाइझमन, घेऊन आला, तरी २०१८च्या ड्राफ्टआधी त्यालाही हा सल्ला जाहीरपणे मिळाला. त्यानं ऐकलं नाही. रेव्हन्सनी त्याला ३२ वा घेतला, आणि २०१९ मध्ये तो एकमतानं लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मिलरचा निर्णय त्याच्या खांद्यानं घडवला आणि त्याचा त्यानं घेतला. ब्रिस्कोचा इतरांनी घेतला. आकड्यांच्या तक्त्यात दोघांसमोर एकच नोंद दिसते : आधी क्वार्टरबॅक, नंतर रिसीव्हर.

कॉलेजात आता चित्र झपाट्यानं बदलतंय. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, आलं आणि २०२१ पासून पहिल्यांदा कॉलेज बदललं तर वर्षभर बाहेर बसायची अट गेली. बाकावर बसलेला क्वार्टरबॅक हल्ली जागा बदलण्याऐवजी गावच बदलतो. मला ते बरं वाटतं, कारण 'नाही' म्हणायची ताकद त्याच्या हातात आली.

हे दोन्ही प्रकार एकाच मैदानावर समोरासमोर आले ते २९ नोव्हेंबर २०२० रोजी, डेन्व्हरमध्ये. कोविडच्या नियमांमुळे ब्रॉन्कोसचे सगळे क्वार्टरबॅक एका फटक्यात बाद झाले. सराव संघात केंडल हिंटन नावाचा रिसीव्हर होता. वेक फॉरेस्टमध्ये तो क्वार्टरबॅक होता, शेवटच्या वर्षी त्यानं जागा बदलली आणि हजार यार्ड झेलले होते. एका दिवसाच्या तयारीवर त्याला पुन्हा बॉल फेकायला उभं केलं. समोर सेंट्सचा क्वार्टरबॅक होता टेसम हिल, ज्याला त्याचा संघ कित्येक हंगाम रिसीव्हर, ब्लॉकर, धावपटू असं सगळीकडे वापरत आला होता, पण जो क्वार्टरबॅकच्या बैठकांना बसायचा कधी थांबला नव्हता.

हिंटनचे नऊपैकी एकच पास पोचला, १३ यार्डांचा, आणि दोन बॉल समोरच्यांनी पळवले. हिलनं स्वतः धावून दोन टचडाउन केले. सेंट्स ३१, ब्रॉन्कोस ३. हिंटन पुन्हा रिसीव्हरच्या खोलीत गेला आणि पुढचे हंगाम ब्रॉन्कोसकडून झेल घेत राहिला. त्या दिवशी प्ले लक्षात राहावेत म्हणून त्यानं मनगटावर बांधलेली पट्टी कँटनच्या हॉल ऑफ फेमनं मागून घेतली.