बांबूचा टिश्यू : झाड की गवत?

पेपर नॅपकिन, किचन रोल, टॉयलेट रोल यांच्या पाकिटांवर हल्ली ‘शंभर टक्के बांबू, एकही झाड तोडलेले नाही’ असे छापलेले दिसते. या ओळीमागे निदान पन्नास वर्षांचा वाद आहे.

स्वातंत्र्यानंतरची काही दशके देशातल्या कागद गिरण्या मुख्यतः जंगलातल्या बांबूवर चालल्या. बल्लारपूरला चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू जाई, दांडेलीला उत्तर कन्नडचा. करार लांब मुदतीचे आणि दर नाममात्र. उत्तर कन्नडमध्ये तर टोपल्या विणणाऱ्याला तोच बांबू गिरणीच्या कित्येक पट भावाने घ्यावा लागे.

तोडीचे नियम वाईट नव्हते. चालू वर्षाच्या कोवळ्या काठीला हात लावायचा नाही, जमिनीलगतच्या पहिल्या-दुसऱ्या पेरावर तोडायचे, त्याच कूपात (तोडीसाठी आखलेल्या पट्ट्यात) तीन-चार वर्षांनीच परतायचे. पण मजुरी नगावर होती. रांजीत, म्हणजे बांबूच्या बेटात, जुन्या काठ्या मधोमध असतात आणि नव्या कडेला येतात, म्हणून सोपी पडते ती कडेची, म्हणजे कोवळी काठी. ती गेली की जुन्या काठ्या आत गुंतून राहतात आणि रांजी गुदमरते. उत्तर कन्नडमध्ये गिरणीचे मजूर काटेरी बांबूच्या बुंध्याशी असलेले काट्यांचे जाळे साफ करून मग तोड करत. त्यामुळे उघडे पडलेले कोंब गुरे आणि रानटी जनावरे खाऊन टाकत, हे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले.

१९८८च्या राष्ट्रीय वन धोरणाने उद्योगांना सवलतीचा वनमाल देण्याची पद्धत थांबवायला सांगितले आणि कच्चा माल शेतकऱ्यांकडून उभा करा असे बजावले. तिथून गिरण्या शेतातल्या नीलगिरी, सुबाभूळ आणि सुरूकडे वळल्या. उसाच्या चिपाडाचा आणि रद्दीचा वापरही वाढला.

खरा गुंता त्यानंतरचा. १९९१मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणस्नेही मालासाठी ‘इकोमार्क’ ही मडक्याची खूण आणली. कागदाच्या निकषात अट होती की, किमान ६० टक्के लगदा बांबू, कठीण लाकूड, मऊ लाकूड आणि बोरू सोडून इतर मालाचा हवा. म्हणजे आज ज्या बांबूच्या नावावर टिश्यू विकला जातो, तोच तेव्हा लाकडाच्या पंक्तीत बसवला होता. वनस्पतिशास्त्राने बांबू गवतच आहे, पण निकष ठरवणाऱ्यांसमोर तोडून उजाड झालेल्या रांज्या होत्या. आमच्या मते तो निर्णय त्या काळापुरता बरोबर होता. खूण मात्र फार थोड्या उद्योगांनी घेतली आणि ग्राहकाला ती क्वचितच दिसली. २०२४मध्ये त्या जुन्या योजनेच्या जागी नवे नियम आले.

कायद्यातही तोच घोळ होता. १९२७च्या वन कायद्यात ‘झाड’ या व्याख्येत बांबू होता. २००६च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज (लाकूड सोडून इतर वनमाल) म्हटले, म्हणजे त्यावर ग्रामसभेचा हक्क. तरी वाहतूक परवाने वन विभागाच्याच हातात राहिले. २०११मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाच्या ग्रामसभेकडे परवाना पुस्तके आली, तेव्हा कुठे गावाला स्वतःचा बांबू रीतसर विकता आला. २०१७च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘झाड’ राहिला नाही. हा बदल शेतकऱ्याच्या सोयीसाठी होता. पाकिटावरच्या जाहिरातीला त्याचा आधार घेता येत नाही.

त्यामुळे नुसत्या ‘बांबू’ या शब्दावरून फारसे काही कळत नाही. तो शेतातला की जंगलातला, इथला की चीनमधून लगद्याच्या रूपाने आलेला, हे लिहिलेले असेल तरच उपयोग. २०२४मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या तपासणीत काही ‘बांबू’ रोलांत बांबूचे तंतू अगदीच थोडे निघाले, बाकी लाकडाचा लगदा.

रद्दीच्या मालात पाहायचे ते टक्के आणि रद्दीचा प्रकार. ग्राहकाच्या हाती कधी न गेलेली, छापखान्यातली कात्रणे लगद्यात घातली तरी ‘रिसायकल्ड’ छापता येते. वापरून झालेल्या रद्दीचा आकडा वेगळा दिला असेल तर माल घ्यावा. टिश्यू वापरल्यावर रद्दीत परत येत नाही, म्हणून त्यात कोरा लगदा घालणे सर्वांत उधळे. रद्दीचे तंतू आखूड असतात, त्यामुळे नॅपकिन जरा खरखरीत लागतो आणि धूळ सोडतो. ओला झाल्यावर फाटू नये म्हणून रेझिन घातलेला किचन रोल पाण्यात विरघळत नाही, तो संडासात टाकला की तुंबणार. चिपाडाचा माल चांगला, पण चिपाडातला भुसभुशीत गर नीट काढला नाही तर कागद कमजोर होतो. शिवाय साखर कारखान्यांना वीजनिर्मितीसाठी तेच चिपाड लागते, त्यामुळे गिरणीला ते स्वस्तात मिळत नाही.

पाकिटावर एफएससी या जंगल-प्रमाणपत्राचे टिकमार्क-झाडाचे चिन्ह असते. त्याखाली ‘मिक्स’ असेल तर त्यात प्रमाणित जंगलाबाहेरचे, फक्त जोखीम तपासलेले लाकूडही असू शकते.

भाव नगावर पाहू नये. ३० गुणिले ३० सेंटीमीटरचा, १७ जीएसएमचा (चौरस मीटरला १७ ग्रॅम) एकपदरी नॅपकिन सुमारे दीड ग्रॅम भरतो, म्हणजे शंभराचे पाकीट १५३ ग्रॅम. दोनपदरीत तेवढ्याच नगांना ३०६ ग्रॅम लगदा जातो, आणि ताटाशेजारी ठेवायला एकपदरी पुरतो.