कर्करोगाच्या उपचारांनंतर स्कुबा डायव्हिंग: वैद्यकीय फॉर्म, पात्रता आणि कागदपत्रे

उपचार संपलेत, अंगात ताकद आली आहे आणि तारकर्ली किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडला स्कुबा करायचं मनात आहे? मग बुकिंगच्या आधी आपल्याला कोणती औषधं, किती डोस मिळाले हे रुग्णालयाकडून लेखी घ्या. ‘आता सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत’ एवढ्यावर पाण्याखाली जाण्याची परवानगी ठरत नाही.

पाडी, एसएसआयसारख्या स्कुबा शिकवणाऱ्या संस्थांच्या कोर्सला तीन पानी वैद्यकीय फॉर्म भरावा लागतो. पहिल्या पानावर दहा प्रश्न, दुसऱ्यावर त्यांचे उपप्रश्न, तिसरं पान डॉक्टरांचं. तिसरा प्रश्न दम टिकण्याचा: १.६ किलोमीटर १४ मिनिटांत चालणं जड जातं का? पाचवा गेल्या १२ महिन्यांतल्या शस्त्रक्रियेचा, दहावा सुरू असलेल्या औषधांचा. या तिन्हींपैकी एकाला किंवा दुसऱ्या पानावर कुठेही ‘हो’ आलं, की डॉक्टरांची मंजुरी लागतेच. टॅमोक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगात दिली जाणारी गोळी) सुरू असेल तर दहाव्याला ‘हो’. छातीची शस्त्रक्रिया झाली असेल तर दुसऱ्या पानावर ‘हो’. सगळीकडे ‘नाही’ लिहा असं कुणी सुचवलं तरी कृपा करून ऐकू नका.

सर्वांत जपायचं ते ब्लिओमायसिन हे केमोचं औषध घेतलेल्यांनी. वृषणाच्या कर्करोगात बीईपी आणि हॉजकिन लिम्फोमात एबीव्हीडी या अनेक औषधं एकत्र देण्याच्या केमो उपचारांत ते असतं, आणि हे रुग्ण बहुधा तरुण, म्हणजे डायव्हिंगची हौस असण्याच्याच वयाचे. या औषधाने फुप्फुसात व्रण पडू शकतात, आणि जास्त ऑक्सिजन मिळाल्यास इजा वाढण्याची भीती असते. साध्या हवेवरही १८ मीटर खोलीवर ऑक्सिजनचा दाब ०.५९ बार होतो; जमिनीवर तो ०.२१ बार असतो. शिवाय डीकम्प्रेशनचा त्रास (वर येताना दाब घटून शरीरात वायूचे बुडबुडे होणं) झालाच, तर त्यावरचा उपचार म्हणजे दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन. पूर्वी अशांना सरसकट मनाई होती. आता बरेच तज्ज्ञ तपासण्या पाहून एकेकाचा निर्णय घेतात. मंजुरी मिळाली तरी नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) घ्यायचं का, हे डॉक्टरांना वेगळं विचारा.

केमोत डॉक्सोरुबिसिन घेतलं असेल तर हृदयाचा इको हवा. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधानंतर कानांची तपासणी करा. बोटांना मुंग्या येत असतील तर ते आधीच नोंदवून ठेवा, कारण डीकम्प्रेशनचं लक्षणही तसंच असतं आणि नंतर घोळ होतो. छातीला रेडिएशन मिळालं असेल तर फुप्फुसांची तपासणी टाळू नका. मेंदूत गाठ असेल किंवा झटके येत असतील तर डायव्हिंग नाहीच.

सोबत न्यायची कागदपत्रं:
- डिस्चार्ज समरी; केमोचा प्रोटोकॉल, औषधांच्या एकूण डोससह
- रेडिएशन कुठे व किती ग्रे (रेडिएशनच्या डोसचं एकक) दिलं, त्याची नोंद
- ताजा स्कॅन आणि सीबीसी
- पीएफटी (फुप्फुसांच्या क्षमतेची तपासणी), डीएलसीओसह (फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो त्याचं माप); लागल्यास छातीचा एचआरसीटी (बारकाईचा सीटी स्कॅन)
- इको, ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी)
- सध्याच्या औषधांची यादी

आधी ऑन्कॉलॉजिस्टकडून आजाराच्या सद्यस्थितीचं पत्र घ्या, मग ही फाईल डायव्हिंग मेडिसिन जाणणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. ते तिसऱ्या पानावर मंजूर किंवा नामंजूर असं लिहून सही करतात. केमो पोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेलं उपकरण) अजून बसवलेला असेल तर तेही सांगा. आणि मंजुरीनंतर औषध बदललं, आजार परतला किंवा नवी शस्त्रक्रिया झाली, तर जुनी सही धरू नका. फॉर्म पुन्हा भरा.