बाबा रिटायर झाले म्हणून पोराला नोकरी लागत नाही

‘बाबा रिटायर झाले की त्यांच्या जागी पोराला घेतात!’ नागपुरातल्या अजनीच्या रेल्वे क्वार्टरांत हे आजही छातीठोकपणे सांगतात. त्या भरवशावर पोरगं हातातलं काम सोडतं, हे जास्त वाईट.

अनुकंपा नोकरी, म्हणजे कर्मचाऱ्याच्या घरच्याला मिळणारी नोकरी, मुळात सेवेत असताना कर्मचारी दगावला तर. नेहमीच्या निवृत्तीवर नाही. राज्य सरकारात तीही गट क आणि ड मध्येच. तो हक्क नव्हे, हे सुप्रीम कोर्टानं १९९४ मध्येच सांगितलंय.

मग ही वावडी आली कुठून? ड्रायव्हर, रुळांची देखभाल करणारे गँगमन यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली तर मुलाला नोकरी, अशी योजना रेल्वेत २००४ पासून खरंच होती. २०१८ मध्ये ती गुंडाळली. अजूनही अपवाद आहे तो रेल्वेतल्या नव्हे, महाराष्ट्रातल्या सरकारी-पालिकांच्या सफाई कामगारांचा: लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे त्यांच्या वारसांना निवृत्तीनंतरही नोकरी मिळते.